हैदराबादेहून उत्तर येईपर्यंत

तवा उतरवताना नागुबाईनं डावा हात चुलीच्या कडेवर टेकला आणि करपल्याचा वास आला. ती शेजारी बसलेल्या सासूला म्हणाली, "आत्याबाई, तव्यावर भाकर ऱ्हायली का बगा. करपायली."

तव्यावर भाकर नव्हती. सासूनं, म्हणजे चन्नबसम्मानं, इकडंतिकडं पाहिलं आणि मग एकदम सुनेचं मनगट धरून हात मागं ओढला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मागच्या कातडीवर टरारून फोड आला होता.

"अगं, भाजलीस की! कळालं न्हाई तुला?"

"न्हाई कळालं," नागुबाई म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसल्या.

हे पहिल्यांदाच घडलं होतं असंही नाही. दिवाळीच्या सुमारास त्याच हातावर कढईतलं तेल उडालं होतं. तेव्हाही तिला ते नंतरच दिसलं. जखम भरून आली, पण तिथली कातडी पांढरट पडली ती पडलीच. मधूनमधून डाव्या हातातून वाटी निसटायची. "बाळंतपणाचा अशक्तपणा हाय, डिंकाचे लाडू खा," असं म्हणून चन्नबसम्मानं तो विषय लाडवाखाली झाकून टाकला होता. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर, कपिलधारला नवस बोलून बोलून तोंड दुखल्यावर या घरात पाळणा हलला होता. बसवराज नुकता कुठं न लवंडता बसायला लागला होता. अशा घरात कुणी वाईट विचार आधी करत नाही. शेवटी करतं, आणि तोही नाइलाजानं.

आता मात्र करावा लागला. त्या काळी मानवत गावात एखाद्याला चटका कळत नाही म्हटलं की ऐकणारा दोन पावलं मागं सरायचा. रक्तपिती, म्हणजे महारोग, हा शब्द तोंडातून काढायचीही गरज पडायची नाही.

नागुबाईचा नवरा कल्याणराव मोंढ्यात सरकी-ढेपेचं दुकान चालवायचा. गिऱ्हाइकाशी बोलताना तोंडात खडीसाखर आणि घरात मिठाची गुळणी, असा तो माणूस. आईनं त्याला हाताचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानाला कुलूप घातलं, बैलगाडी जुंपली आणि आई, बायको, लेकरू सगळ्यांना घेऊन मानवत रोड स्टेशनवर गेला. तिथून रेल्वेनं परभणी.

दवाखान्यातला डॉक्टर हैदराबादकडचा होता. तरणा, चष्मेवाला, बोलायचा दखनी. त्यानं नागुबाईला डोळे मिटायला सांगितले आणि हातावर ठिकठिकाणी टाचणी टोचली. तळहाताला टोचली की ती हात ओढून घ्यायची. हाताच्या मागं, अंगठ्याच्या बाजूला टोचली की नुसती बसून राहायची. तिला वाटलं, डॉक्टर थांबलाय. डोळे उघडले तर टाचणी कातडीत उभी होती. ती पाहून तिनं तोंड फिरवलं. हाताला मात्र काही नव्हतं.

"अम्मा, बाही वर करो. पूरा हात देखना है," डॉक्टर म्हणाला. बाहीखालचा उंचवटा त्याच्या नजरेला आला. "ये क्या बांध्या? खोलो."

नागुबाईनं बाही घट्ट धरली. बाहीखाली दंडावर तिचं लिंग होतं. लिंगायताच्या अंगावर जन्मल्यापासून मरेपर्यंत लिंग असतं, चांदीच्या छोट्या करडीत ठेवलेलं आणि शिवदोऱ्यात गुंफून गळ्यात घातलेलं. नागुबाईचंही गळ्यातच होतं. पण बसू अंगावर पिताना ती करडी ओढायचा, चोखायचा, आणि एकदा ती कपाळावर आपटून त्याला टेंगूळही आलं. म्हणून लेकुरवाळ्या बाया करतात तसं तिनं ते डाव्या दंडावर बांधलं. रोज सकाळी पूजेला सोडायचं आणि पूजा झाली की उजव्या हातानं आणि दातांनी दोरा आवळून पुन्हा बांधायचं. चांगलं करकचून. कारण लिंग अंगावरून गळून पडणं यापेक्षा मोठं संकट तिच्या लेखी जगात नव्हतं. सासूच्या मावशीचं आडात पडलं होतं, तर ते सापडेपर्यंत त्या बाईनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मग दवाखान्यात, रक्तापुवाच्या वासात, परक्या पुरुषासमोर ते सोडायचं?

"ते न्हाई सोडायचं," ती म्हणाली.

"देव हाय आमचा," चन्नबसम्मा पुढं होऊन म्हणाली. "तेवढं सोडून बाकी काय बगायचं ते बगा."

डॉक्टरनं कल्याणरावाकडं पाहिलं. कल्याणरावानं जमिनीकडं. डॉक्टर भला होता, लोकांच्या देवाधर्माला हात घालायचा नाही अशी त्याची रीत होती. त्यानं बाकी हात पाहिला, पांढरा डाग पाहिला, कानाची पाळी चिमटीत धरून तिला बारीकशी चीर दिली, हातावरच्या डागालाही दिली आणि तिथला रस काचेच्या पट्ट्यांवर पुसून घेतला. मग कल्याणरावाला म्हणाला, "जुजाम का शक है."

कल्याणराव उर्दू शिकलेला, जुजाम म्हणजे महारोग हे त्याला ठाऊक. बायांना तो शब्द कळला नाही, पण त्याचा चेहरा कळला.

काचा हैदराबादेला जाणार, तिथं मोठ्या दुर्बिणीखाली बघणार आणि मग उत्तर येणार. किती दिवसांनी? लढाईचे दिवस होते, गाड्यांचा भरवसा नव्हता. डॉक्टर म्हणाला, येईल तेव्हा येईल. रोग असेलच असं नाही आणि नसेलच असंही नाही. पण उत्तर येईपर्यंत बच्चा दूर ठेवायचा. दूध नक्को, कुशीत नक्को. हा रोग मोठ्या माणसाला सहसा लवकर धरत नाही, लहान लेकराला धरतो. आणि निघालाच, तर डिचपल्लीला मोठा दवाखाना आहे, तिथं ठेवून घेतात.

परतीच्या गाडीत बसू सासूच्या मांडीवर होता. तो नागुबाईकडं हात करायचा आणि ती खिडकीतून बाहेर बघायची.

आता अडचण अशी, की या घराला माणूस वेगळं ठेवायचं कसं तेच ठाऊक नव्हतं. लिंगायताच्या घरात विटाळ पाळत नाहीत. बाळंतिणीचा नाही, मयताचा नाही, बाईच्या चार दिवसांचाही नाही. अंगावर लिंग असल्यावर विटाळ येणार कुठून, असा साधा हिशेब. शेजारच्या नर्मदाबाईकडं बाया महिन्याचे चार दिवस कोपऱ्यात बसायच्या. तांब्या वेगळा, घोंगडी वेगळी, सगळं कसं रुळलेलं. ते पाहून चन्नबसम्मा आजवर नाक मुरडत आलेली. आता तिच्याच सुनेला वेगळं बसवायची पाळी आली आणि तिला त्यातलं ओ का ठो येईना. परसात सरकी भरायची खोली होती, ती झाडून दिली. ताट उंबऱ्यावर ठेवायचं ठरलं. पहिल्याच दिवशी म्हातारीनं ताट उंबऱ्यावर ठेवलं, मग "वरण निवालं गं" म्हणत आत येऊन सुनेसमोर बसली, तिच्या ताटातली मिठाची खडी उचलून वरणात टाकली, आणि मग एकदम आठवण होऊन तोंडाला पदर लावून बाहेर गेली. नागुबाईला हसू यायला हवं होतं. ते काही आलं नाही.

लोकांना सांगायचं काय, तर खरूज झालीय. नर्मदाबाई लगेच गंधक आणि खोबरेल खलून घेऊन आली आणि परसाच्या भिंतीवरून वाटी खाली सोडत म्हणाली, "खरजेला इतकं कोंडतेत व्हय गं?"

"लय चिघळलीय," नागुबाई म्हणाली.

"मंग लेकराला कोन पाजायलंय?"

नर्मदाबाई काही दुष्ट नव्हती, पण तिला गप्प बसवत नसे. भिंतीपलीकडून बराच वेळ तिचं बोलणं चालू होतं. नागुबाई वाटी हातात घेऊन तशीच उभी होती.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. समोरच्या सोप्यात बसू रडायचा आणि इकडं परसात तिची चोळी ओली व्हायची. अंगाला कुणी सांगितलं नव्हतं, दूध नक्को म्हणून. ती भिंतीकडं तोंड करून दूध राखेत पिळायची आणि राख पायानं सारून टाकायची. चन्नबसम्मा ताट द्यायला आली की उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगायची, "आज बोंडल्यानं प्याला बग. शेळीचं दूध पाणी घालून दिलं. निम्मं सांडलं, निम्मं प्याला." किंवा, "रात्री तुझं लुगडं पांघरलं त्याच्यावर, तवा झोपला." हे ऐकलं की नागुबाईच्या छातीत पिळवटून यायचं. म्हातारी मायेनंच सांगायची. पण मायाही कधीकधी नेमकी दुखऱ्या जागी हात घालते.

मग नागुबाईला एक युक्ती सापडली. रडणं ऐकू आलं की ती मनाला सांगायची, ते नर्मदाबाईच्या नातवाचं रडणं आहे. आधी मन ऐकेना. रोज सांगून सांगून ऐकायला लागलं. सासू बोलायला लागली की ती भिंतीकडं तोंड फिरवायची. हळूहळू सासूही बोलायची थांबली. ताट ठेवायची, तांब्या भरायची आणि जायची. छातीतलं दूध एके दिवशी आलं नाही, मग आलंच नाही. त्याचंही तिला काही वाटलं नाही. हाताची ती एक जागा बधिर होती, आता सगळी बाईच तशी झाली होती, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात बरं वाटत होतं.

कल्याणराव दर आठवड्याच्या बाजाराला दुकान लवकर आवरून परभणीला जायचा. दिवेलागणीच्या आधी परत यायचा, परसात येऊन आडाजवळ उभा राहायचा आणि खाकरायचा. मग म्हणायचा, "आलं न्हाई." इतकंच. हो म्हणाला असता तर रडता आलं असतं, नाही म्हणाला असता तर हसता आलं असतं. पण 'आलं न्हाई' या दोन शब्दांचं माणसानं करायचं काय? तो थोडा वेळ उभा राहायचा, रुमाल सोडून पुन्हा बांधायचा आणि आत जायचा. त्याच्या परीनं तोही धडपडत होता. एका वैद्याकडून काढा आणला, तर दुसऱ्या बाजाराला एका हकिमाकडून लेप. वैद्य म्हणाला वात आहे, हकीम म्हणाला खून खराब आहे. कपिलधारला आणखी एक नवस बोलला. आधीचाच अजून फेडायचा होता.

हाताला काम नाही म्हणून नागुबाई कापसाच्या वाती वळायची. डाव्या हातात पेळू धरायचा, उजव्या तळव्यानं मांडीवर वळायचं. वातींची टोपली ती उंबऱ्यावर ठेवायची आणि चन्नबसम्मा ती घेऊन जायची. पुष्कळ दिवसांनी एकदा घराच्या मागच्या दाराच्या फटीतून तिला समोरच्या कोनाड्यात आपल्या वाती दिसल्या. सगळ्याच्या सगळ्या. देवापुढं विकतच्या वाती जळत होत्या. विटाळ नसलेल्या घरात तिच्या वाती कुणी पेटवल्या नव्हत्या आणि कुणी टाकूनही दिल्या नव्हत्या. ती परत येऊन वाती वळायला बसली.

पूजा तिची चालू होती. रोज सकाळी अंघोळ झाली की दंडावरचं लिंग सोडायचं, डाव्या तळव्यावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं. तळहाताला दगडाचा गारवा लागायचा. तेवढीच एक गोष्ट तिला दिवसभरात लागायची. एका सकाळी पूजा झाल्यावर दोरा दातात धरायचा तिला कंटाळा आला. करडी ओढायला छातीशी होतं कोण? तिनं शिवदोरा सरळ गळ्यात घातला, पूर्वीसारखा, आणि वाती घेऊन बसली.

त्यानंतर काही दिवसांनी मुंग्या आल्या.

आधी अंगठ्याच्या मुळाशी, मग हाताच्या मागं, मग मनगटापर्यंत. हात झटकला तरी जाईनात. कधी सुई टोचल्यासारखं व्हायचं, कधी आग व्हायची. नागुबाईला वाटलं, आता रोग वर चढायलाय. इतके दिवस तो हातात झोपून होता, आता उठला. लहानपणी गावाच्या शिवेवर बसलेली माणसं तिनं पाहिली होती, बोटं झडलेली, हाताला चिंध्या बांधलेली. आई तिथून जाताना तिच्या डोळ्यांवर पदर धरायची. ती पदराच्या आडून बघायचीच.

तिनं मुंग्यांचं कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, वैद्यानं आणखी एक काढा दिला असता. ती रोज अंधार पडायच्या आत हात उजेडात धरून बोटं बघायची आणि मग पदरात गुंडाळून ठेवायची. डिचपल्लीचं तिनं मनात ठरवून टाकलं. दोन लुगडी, एक तांब्या, पूजेचं सामान. नेसत्या लुगड्यानिशी गेलं तरी चाललं असतं. लेकरू सासूच्या ओटीत घालायचं राहिलं होतं, तर तेही आपोआप झालंच होतं. तो मोठा होईल, कुणीतरी सांगेल आई मेली, तो मान डोलावेल. असं सगळं ती ठरवत होती आणि तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते. आपण इतक्या दगड कशा झालो, याचंच तिला थोडं नवल वाटायचं.

एका बाजाराच्या दिवशी कल्याणराव आडाजवळ येऊन उभा राहिला आणि खाकरलाच नाही. म्हणाला, "उत्तर आलंय. तुला घिऊन या म्हनले."

"काय हाय त्यात?"

"सांगितलं न्हाई. घिऊन या म्हनले."

चांगलं असतं तर सांगितलं असतं, असं दोघांच्याही मनात आलं.

दुसऱ्या दिवशी ती दोघंच गेली. डॉक्टर दखनीत बोलत होता आणि कल्याणराव तिला मराठीत सांगत होता. काचांमध्ये रोगाचे जंतू दिसले नाहीत. कल्याणरावाचा आवाज एवढं सांगताना चिरकला. पण डॉक्टरचं बोलणं संपलं नव्हतं. या रोगाची एक जात अशी असते, की कातडी बधिर होते पण काच कोरीच राहते. तेव्हा काच कोरी आहे एवढ्यावरून रोग नाही असं मी लिहून देणार नाही. म्हणूनच बोलावून घेतलं. हात पुन्हा बघतो, आणि मग कदाचित आणखी काही महिने वाट बघावी लागेल.

आणखी काही महिने. नागुबाईनं मान डोलावली. तिला वाटलं, बरं आहे, सवय झालीच आहे.

डॉक्टरनं डोळे मिटायला लावले. टाचणी तळहाताला टोचली, तिनं हात ओढला. मग हाताच्या मागं, अंगठ्याच्या बाजूला टोचली.

"आई गं!" नागुबाई ओरडली.

डॉक्टर थांबला. पुन्हा टोचली. ती पुन्हा ओरडली आणि चिडून म्हणाली, "किती टोचता?" त्यानं कापसाचा बोळा फिरवला, तोही तिला कळला. फक्त भाजल्याच्या डागावर कमी कळत होतं. डॉक्टरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कधीपासून असं होतंय, त्यानं विचारलं. मग मुंग्यांचं सांगावं लागलं. कल्याणराव तिच्याकडं बघतच राहिला, कारण हे त्यालाही नवीन होतं.

"क्या बदल्या? कुछ तो बदल्या होना," डॉक्टर म्हणाला आणि त्याची नजर तिच्या गळ्यातल्या करडीवर गेली. "वो हात पे बांध्या था ना?"

या वेळी बाही वर करायला अडवण्यासारखं काही नव्हतं. दंडाच्या मधोमध दोऱ्याचा काळा वळ उठलेला होता. इतक्या दिवसांनीही बोट फिरवलं तर खाच लागत होती. डॉक्टरनं तिथं बोटानं दाबलं आणि नागुबाईच्या अंगठ्यापर्यंत झिणझिणी गेली. तो खुर्चीला टेकून बसला. हसावं की रागवावं हे त्याला कळेना, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मांडी घालून फार वेळ बसलं की पाय मरतो, तसा हा हात मेला होता, हे त्यानं कल्याणरावाला समजावून सांगितलं. दंडाच्या आतून एक शीर जाते, ती महिनोन् महिने दोऱ्यानं आवळली गेली. दोरा सुटला, शीर सुटली, मुंग्या आल्या. मुंग्या म्हणजे हात जागा होत होता. पांढरा डाग भाजल्याचा. त्या दिवशी एवढा दोरा सोडून दाखवला असता, तर काच हैदराबादेला पाठवायची गरजही कदाचित पडली नसती. हे शेवटचं कल्याणरावानं नागुबाईला सांगितलं नाही. पण दखनी इतकी काही अवघड भाषा नव्हे. तिला ते कळलंच.

"सालभर में एक बार दिखाके जाव," डॉक्टर म्हणाला. "बच्चे को लेव अब."

स्टेशनवर गाडीला वेळ होता. कल्याणराव बाकावर बसला आणि रुमाल तोंडाला लावून हमसाहमशी रडायला लागला. भर फलाटावर, लोक बघत असताना. नागुबाई त्याच्या शेजारी बसून रुळांकडं बघत होती. जरा वेळानं त्यानं डोळे पुसले.

"तुला आनंद न्हाई झाला का गं?"

"झाला असंल," ती म्हणाली.

तिला खोटं बोलायचं नव्हतं. ती मनात चाचपून बघत होती आणि हाताला काही लागत नव्हतं. दोऱ्याचा विचार येत होता. आपणच बाही धरून बसलो, तोही. पण तोसुद्धा दुसऱ्या कुणाच्या घरात घडल्यासारखा. गाडी आली, दोघं चढली.

घरी पोचली तेव्हा ऊन अजून होतं. कल्याणरावानं दारातूनच आईला ओरडून सांगितलं, आणि ज्या माणसाचा आवाज या घरात कुणी कधी ऐकला नव्हता त्याचा आवाज भिंतीपलीकडं नर्मदाबाईनंही ऐकला. चन्नबसम्मा सोप्यात घोंगडीवर बसली होती. बसू तिच्यापासून चार हात लांब होता, रांगत. रांगायला कधी लागला? म्हातारीनं त्याला उचललं, नागुबाईच्या मांडीवर ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

बसू रडला नाही. तो पाहुण्याकडं बघावं तसा तिच्याकडं बघत राहिला. तिनं पदर बाजूला करून त्याला छातीशी धरलं. त्यानं तोंड लावलं, ओढलं, काही आलं नाही, तेव्हा तोंड फिरवून आजीकडं बघितलं. नागुबाईनं पदर सारखा केला.

"बोंडलं द्या," ती म्हणाली.

चन्नबसम्मानं दूध भरून आणलं. नागुबाई पाजायला लागली, तर दूध गालावरून ओघळून कानात.

"असं न्हवं. डोकं जरा वर धर. हां. आता वाईच वाकडं कर," चन्नबसम्मा तिचा हात धरून दाखवायला लागली. नागुबाईनं सांगितलं तसं केलं. एखाद्याचं लेकरू सांभाळायला घ्यावं, तशी ती जपून जपून पाजत होती. बसू प्याला. पिऊन झाल्यावर त्यानं तिचा डावा हात दोन्ही मुठींत पकडला, तोंडाकडं ओढला आणि अंगठ्याजवळ कडकडून चावला.

नागुबाईच्या मस्तकापर्यंत कळ गेली. तिनं हात सोडवून घेतला. कातडीवर एक बारीक लाल खूण उठली होती. तिनं बसूची हनुवटी धरून खालचा ओठ बाजूला केला. हिरडीतून तांदळाच्या कणीएवढं पांढरं वर आलेलं होतं.

"दात कवा आला?" तिनं विचारलं.

"झालं की लय दिस."

"मला सांगितलं न्हाई तुमी."

चन्नबसम्मा बोंडलं पदरानं पुसत होती. "आले व्हते ना सांगायला," ती म्हणाली. "त्या दिशी ताट ठिवलं, अन् म्हनलं सांगावं. तू भिंतीकडं तोंड केलतंस. मंग म्या कुनाला सांगू, बाई?"

नागुबाईनं बसूला उराशी धरलं आणि सगळ्या सोप्यात ऐकू जाईल असा हंबरडा फोडला. बसू घाबरून रडायला लागला. त्याला थोपटायचं सुचेना तिला. ती रडत होती आणि त्याच्या तोंडात पुन्हा पुन्हा बोट घालून तो दात चाचपत होती.